मास्तरची भिंत

मास्तरला मी इथे 'तो' म्हणणार आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. पण आज माझं वय त्याच्या तेव्हाच्या वयाहून पंचवीस वर्षांनी जास्त आहे, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा मला एवढी सूट असावी.

शाळेत शिकवणारा मास्तर नव्हे तो. मुंबईला एका कापडगिरणीत साड्यांच्या छपाईची नक्षी काढायचा. गिरणी बंद पडली तसा पालीजवळच्या आपल्या गावी परत आला. शेतीत हात चालेना, भावजयीशी पटेना, म्हणून रत्नागिरीत आमच्या कारखान्यात देखरेखीला लागला. हातात कायम लाकडी पट्टी असायची, म्हणून पहिल्याच दिवशी सोनूकाकीने त्याचा मास्तर करून टाकला. सोनूकाकी आमच्यात वयाने मोठी, आणि तोंडाने त्याहून मोठी.

कारखाना म्हणजे पावस गावाच्या रस्त्याला, कलमांच्या बागेला लागून असलेली चिऱ्याची लांब शेड. आंब्याच्या फोडी पाकात घालून डबे भरायचं काम. एप्रिलपासून पाऊस तोंडाशी येईपर्यंत चालायचं. आम्ही चौदा बायका. आढीतून आंबे काढायचे, धुवायचे, सोलायचे, चिरायचे, डब्यांत भरायचे, वर पाक ओतायचा, यंत्राने झाकण दाबायचं. मग डबे बॉयलरच्या वाफेवर शिजायला जायचे. ते बाहेर आले की गार करायचे, पुसायचे, लेबल लावायचं. मी सोलण्यावर होते. चौथी शिकलेली, म्हणजे आमच्यात शिकलेल्यांत जमा.

मास्तर घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा आणि कुणाला वेळ सांगायचा नाही. किती वाजले विचारलं तर पट्टीने समोरची भिंत दाखवायचा, तिचं पुढे सांगते. डबे रचताना एखादा जरा तिरका बसला तर स्वतः येऊन सरळ करायचा, आणि डब्याकडे असा बघायचा की डब्यालाच लाज वाटावी. जेवताना पानात भात, आमटी, भाजी एकमेकांना लागू द्यायचा नाही. आणि आंबा खायचा नाही. आंब्याच्या कारखान्यात दोन वर्षं काढली, एक फोड तोंडात घातली नाही. कारण विचारलं तर म्हणाला, आंबा खाल्ला की पिवळ्यातला फरक कळेनासा होतो. सोनूकाकी म्हणाली, "मेल्याला बायकोने टाकलान असेल ती ह्याच कारणाने." त्याला बायको होती की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या समोरची भिंत रिकामी होती. मास्तरने शेठला सांगून ती पांढऱ्या तेलरंगाने रंगवून घेतली, आणि तीन दिवस शिडीवर चढून तिच्यावर रेघा मारल्या. आम्हाला वाटलं गणपती काढतोय. गणपती नाही, आम्हीच निघालो. आडव्या आठ ओळी, एकेका कामाची एकेक. प्रत्येक ओळीला रंग. सोलणाऱ्यांना हळदीचा, चिरणाऱ्यांना जांभळा, भरणाऱ्यांना विटकरी, असे. डावीकडून उजवीकडे आठवड्याचे सहा दिवस, आणि प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर वेळ. चौघी-पाचजणी सोडल्या तर घड्याळ कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून वेळ त्याने चित्रांनी दाखवली होती. सकाळी पावसची पहिली एसटी, मग देवळातली घंटा, मग पाटी घेऊन मासेवाली, मग बाराचा भोंगा, मग खांबाची लांब सावली. मासेवालीच्या पाटीतून बांगड्याचं शेपूट बाहेर आलेलं होतं. चित्र काढायला हात चांगला होता त्याचा, ते नाकारत नाही.

संध्याकाळी आम्ही हात धुवायला गेलो की तो करवंट्यांत रंग कालवायचा आणि ज्या ओळीचं काम जेवढा वेळ चाललं तेवढी पट्टी भरायचा. काम थांबलेलं असेल तिथे पांढरं सोडायचा. रविवारी बॉयलरचं गरम पाणी आणून भिंत धुवायची, सोमवारी पुन्हा सुरू.

आता खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत सोनूकाकीलासुद्धा लांबून कळायला लागलं की काल धुण्याला उशीर झाला म्हणून सोलणाऱ्या रखडल्या, आणि सोलणाऱ्या रखडल्या म्हणून चिरणाऱ्या. रंगाच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या उतरत जायच्या, एखादी पायरी घसरली की खालच्या सगळ्या घसरायच्या. पूर्वी ह्यावरून भांडणं व्हायची, ती कमी झाली. शेठ तर भिंतीवर इतका खूश की येईल त्या पाहुण्याला आधी भिंत दाखवायचा आणि मग आंबा.

पण मास्तरचं एक वाक्य ठरलेलं होतं. काम दिसलं पाहिजे. दिवसातून दहादा. मला त्या वाक्याची चीड होती. काम दिसत नव्हतं कुणाला? आंब्याच्या चिकाने आमच्या बोटांची सालं निघत होती. रात्री तिखटाला हात लागला तर जीव जायचा. ते त्याला दिसायचं नाही. त्याला दिसायचं पट्टीत. आणि नावाने हाक मारणं तर सोडूनच दिलं होतं त्याने. हळद, जरा हात चालवा. जांभूळ, विळी बदला. माणसाला रंगाने हाक मारतात का कुठे?

झाकणाच्या यंत्रावर इंदिरा होती. बोलायला कमी, हाताला सफाईदार. नवरा बोटीवर होता, तो तिकडेच गेला. घरात दोन मुली आणि सासू, मिळवणारी ही एकटी. तिला मास्तरने हिरवा दिला. विधवेला हिरवा. आमच्यातल्या दोघी-तिघी त्याच्याकडे गेल्या, सांगितलं की हे बरं दिसत नाही, तिला राखाडी द्या, पांढरा द्या. तो म्हणाला, झाकणाचं काम सगळ्यात अडचणीचं आहे, ते लांबून दिसलं पाहिजे, आणि हिरवा सगळ्यात लांबून दिसतो. इंदिरा झाकणं दाबत राहिली. पण गोष्ट तिच्या सासूच्या कानावर गेली. म्हातारी भर उन्हात भाट्याच्या किनाऱ्याच्या बाजूने चालत कारखान्यात आली आणि दारातच उभी राहून मास्तरच्या सात पिढ्या उद्धरल्या. मास्तरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, रंगाला नवरा नसतो."  म्हातारीने पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. रंग हिरवाच राहिला.

माझी भाची पुण्याला एका कचेरीत नोकरीला आहे. मागे आली होती तेव्हा तिने तिच्या यंत्रावर मला तिच्या लोकांचं काम दाखवलं. कुणी काय कधी करायचं त्याच्या रंगीत आडव्या पट्ट्या. तिला वाटलं मावशीला काही नवीन दाखवतेय. मी विचारलं, ह्यात तुझ्या साहेबाची पट्टी कुठली? ती हसली. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

आता पांढऱ्याचं सांगते. मास्तर जिथे काम थांबलं तिथे पांढरं सोडायचा, हे वर लिहिलं. पण पांढरं म्हणजे काय, हे त्याने दोन हंगामांत आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्ही आमच्या मनाने समजलो की पांढरं म्हणजे बाई नुसती बसली होती. आपल्या ओळीत पांढरं दिसलं की आम्हाला अंग चोरावंसं वाटायचं. कुणी आपल्याला बेजबाबदार म्हणतंय असं वाटायचं. दुसऱ्या हंगामात तर सोनूकाकी सकाळी आली की आधी भिंत बघायची आणि ज्यांच्या ओळीत पांढरं त्यांना टोमणे मारायची. "काय गो, काल ओटीवर बसून सुपारी कातरलात वाटतं?"

त्या हंगामातल्या मे महिन्यात एका मंगळवारी बॉयलर वेळेवर पेटला नाही. बॉयलरवर शेठचा भाचा होता. तो सकाळी मित्रांबरोबर भाट्याला समुद्रावर गेला आणि देवळातली घंटा होऊन मासेवाली येऊन गेली तरी त्याचा पत्ता नाही. तोवर इंदिराने पहिल्या खेपेचे डबे बंद करून ठेवले होते. झाकण लावलेला डबा लगेच शिजला नाही तर उकाड्यात आतला माल आंबतो. हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पुढचे डबे घेतलेच नाहीत. तिने हात थांबवले तशा मागच्या सगळ्यांनी थांबवले. भाचा ओले केस घेऊन आला, बॉयलर पेटवला, ते थांबलेले डबे तसेच आत सारले. त्या संध्याकाळी मास्तरने भिंतीवर मंगळवारी ठसठशीत पांढरं सोडलं. एकाखाली एक, सगळ्या ओळींत. आणि बुधवारी पहाटेच्या गाडीने तो रंगाच्या भुकट्या आणायला कोल्हापूरला गेला.

बुधवारी शेठ सांगून गेला की उद्या मुंबईचे खरेदीदार येणार आहेत, शेड साफ ठेवा. आम्ही शेड झाडली, फडकी धुतली. मग सगळ्यांची नजर भिंतीवर गेली. मंगळवारचा तो पांढरा पट्टा. उद्या मुंबईची माणसं येणार आणि बघणार की रत्नागिरीच्या बायका अर्धी सकाळ बसून होत्या. सोनूकाकी मला म्हणाली, "तुझी रांगोळी बरी असते, ते भरून टाक गो." इंदिराही होती तिथे. तीही म्हणाली, बरं होईल.

मी भरलं. मास्तरच्या करवंट्यांत भुकट्या होत्या, त्यात पाणी घातलं आणि सगळ्या ओळी भरल्या. जेवणाच्या सुट्टीत काम झालं. लांबून बघितलं तर अगदी एकसारखं. हिरवी पट्टी एसटीपासून भोंग्यापर्यंत सलग. आम्हाला फार बरं वाटलं. गुरुवारी खरेदीदार आले, भिंत बघितली, मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी शेठ आला तो फुगलेले सहा डबे घेऊन. मंगळवारचे. मागे तसे आणखी पुष्कळ होते. टेबलावर ठेवले आणि इंदिराला बोलावलं. झाकण नीट दाबलं नाहीस, म्हणाला, हवा गेली, माल फुकट गेला, उद्यापासून येऊ नकोस. पावसच्या दुसऱ्या कारखान्यातही सांगून ठेवणार आहे, असंही म्हणाला.

इंदिराने सांगितलं की झाकणं बरोबर होती, डबे बॉयलरसाठी थांबले होते. भाचा तिथेच उभा होता. तो म्हणाला, बॉयलर वेळेवर होता. आम्ही दहाजणींनी सांगितलं की नव्हता. शेठ म्हणाला, तुम्ही सगळ्या एकीच्या. भिंत कुणाच्या बाजूची नाही. आणि त्याने मास्तरसारखंच बोट करून मंगळवार दाखवला.

"हिरवी पट्टी भोंग्यापर्यंत सलग आहे. बॉयलर बंद होता तर तू झाकणं दाबत कशी होतीस? आणि दाबलेले डबे ठेवत कुठे होतीस, डोक्यावर?"

इंदिराने भिंतीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. नुसतं बघितलं.

मी लगेच बोलले नाही. हे लिहून टाकते, कारण दुसऱ्यांवर रागावायचं तर आपलंही सांगावं. तीन आंबे सोलून होतील एवढा वेळ मी गप्प होते. माझ्याही घरात खाणारी तोंडं होती.

तेवढ्यात मास्तर दारात आला. कोल्हापूरच्या गाडीतून उतरून सरळ, बगलेत भुकट्यांचं पुडकं. त्याला काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही. तो इंदिराकडे बघेना, फुगलेल्या डब्यांकडे बघेना. भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रंग रेघेबाहेर गेलाय."

एका बाईच्या पोटावर पाय येतोय आणि ह्याला रेघ. मला वाटलं हातातली सुरी फेकून मारावी.

त्याने बादलीतलं फडकं पिळलं आणि मंगळवारच्या हिरव्यावरून फिरवलं. मी भरलेला रंग फडक्याबरोबर निघून आला. त्याच्या बाजूचा, त्याचा स्वतःचा रंग हललासुद्धा नाही. तेव्हा कळलं की तो रंग चिकटून राहावा म्हणून त्यात सरस घालत असे. स्टोव्हवर त्याची ती घाणेरड्या वासाची डबी उकळत असायची, ती कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं. तो एकेक ओळ पुसत गेला. हळद, जांभळा, विटकरी. एकाखाली एक पांढरं उघडं पडलं.

शेठने विचारलं, हे कुणी भरलं होतं? मी म्हटलं, मी. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, पांढरं बरं दिसत नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. "बाई, पांढरं म्हणजे आळस नव्हे. पांढरं म्हणजे बाई कामाला उभी आहे आणि तिच्यापर्यंत काम आलेलं नाही. ह्या भिंतीवर बघायचं असेल तर ते पांढरंच बघायचं."

"मग हे आम्हाला आधी नाही सांगितलंत?"

"दिसत होतं की."

"तुम्हाला दिसत होतं," मी म्हटलं. माझी नोकरी तशीही गेल्यातच जमा होती, तेव्हा तोंड सुटलं. "आम्ही उभ्या राहिलो ते भिंतीवर आहे. आम्हाला ज्याने उभं केलं त्याची ओळ कुठाय? धुणारीची आहे, पुसणारीची आहे. बॉयलरची ओळ कुठाय, मास्तर?"

 मास्तरने भिंतीकडे बघितलं, वरून खालपर्यंत, जणू कुणी दुसऱ्यानेच काढली होती. मग हळू म्हणाला की शेठने फक्त बायकांच्या कामाचं काढायला सांगितलं होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नववी ओळ असायला हवी हे ज्याला भात आणि आमटी एकमेकांना लागलेली चालत नव्हती त्याला कळलं नसेल? कळलं होतं. सांगितलं नव्हतं म्हणून काढली नाही. माझा राग आहे तो हा. शेठवर माझा राग नाही असं नव्हे, पण शेठकडून मी काही धरलं नव्हतं.

आता मात्र तो खाली उकिडवा बसला. स्टोव्ह पेटवला, सरसाची डबी ठेवली, काळी भुकटी कालवली. शेठ विचारतोय काय चाललंय, हा उत्तर देईना. लाकडी पट्टी लावून आठव्या ओळीखाली नववी ओळ काढली, आणि मंगळवारच्या चौकोनात मासेवालीच्या पुढे, भोंग्याच्या अलीकडे काळी पट्टी सुरू केली. वरच्या सगळ्या पांढऱ्याची उजवी कड आणि ह्या काळ्याची डावी कड एका उभ्या रेघेत आली. ज्यांना घड्याळ वाचता येत नव्हतं त्यांनाही वाचता आलं.

भाच्याचं तोंड उतरलं. शेठने ती रेघ बघितली. मग म्हणाला, "पुसून टाका ते."

"सरस आहे," मास्तर म्हणाला. "त्याला बॉयलरचं गरम पाणी लागतं."

देवळातली घंटा कधीच होऊन गेली होती, आणि बॉयलर त्याही दिवशी अजून पेटलेला नव्हता. सोनूकाकीने पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच.

इंदिरा राहिली. तिला शेठने काही म्हटलं नाही, भाच्यालाही म्हटलं नाही. कारखान्याच्या भिंतीला हात लावला म्हणून मला मात्र दुपारी घरी पाठवलं ते कायमचं. मास्तरला हंगाम संपेपर्यंत ठेवलं, कारण डबे मोजून रचायला दुसरं कुणी नव्हतं. रविवारी भिंतीला चुना मारून घेतला आणि तिथे एक पितळी घंटा टांगली. पुढच्या हंगामात मास्तरला बोलावणं गेलं नाही.

इंदिरा नंतर सहा वर्षं त्या यंत्रावर होती. थोरलीचं लग्न केलंन, धाकटीला शिकवलंन. ती अजून म्हणते, मास्तरने आमच्यासाठी नोकरी घालवली, देवमाणूस. बाकीच्याही तसंच म्हणतात. मला ते पटत नाही. त्याने नोकरी घालवली ती दोन वर्षं उशिरा काढलेल्या एका ओळीसाठी. ती पहिल्या सोमवारी काढली असती तर इंदिराला टेबलापुढे उभं राहावं लागलं नसतं, आणि मीही चोरासारखी सुट्टीत भिंत रंगवली नसती. चूक दुरुस्त केली म्हणून माणसाला देव करायचं असेल तर चूकच न करणाऱ्यांना काय करायचं?

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तो मला रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर भेटला. बगलेत छत्री, छत्रीत ती पट्टी. त्यानेच ओळख दिली. हळद म्हणाला नाही, नाव घेऊन हाक मारली, त्याला माझं नाव ठाऊक होतं हे तेव्हा कळलं. काजूच्या एका कारखान्यात भिंत काढायचं काम मिळतंय, म्हणाला. माझी नजर आता कमी झालीय. रंग भरायला कुणीतरी हवं. तुमचा हात बरा आहे, रेघ तेवढी सांभाळायला शिका.

मला तेव्हा काम हवं होतं. घरी बसून वर्ष झालं होतं.

मी म्हटलं, येते. पण ओळी कुणाकुणाच्या काढायच्या ते मी सांगणार. सगळ्यात वर मालकाची. तो किती वाजता येतो, काजू किती वाजता येतात, भट्टी किती वाजता पेटते. मग खाली बायका.

 तो मनात ओळी मोजत होता, बोटं हलत होती. पालीची गाडी लागली, माणसं चढायला लागली.

"तसा मालक मिळायचा नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग मीही मिळायची नाही," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून माझ्या गाडीकडे गेले.